सोमाला चांद्याला नेतो म्हणालो त्याची गोष्ट

चहा आधी खाली ठेवा. तोंडात घोट असताना हे ऐकलंत तर तो माझ्याच सदऱ्यावर येईल, म्हणून सांगतो. माणूस किती मूर्ख असू शकतो याचा मी तुमच्यासमोर बसलेला नमुना आहे.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. मी सावली गावच्या शाळेत मास्तर, आणि नुकतंच लग्न झालेलं. बायको यमुना, वैनगंगेच्या पलीकडच्या जंगलातली. माझे सासरे तलावातले मासे धरायचे, थोडी धानाची शेती करायचे. गावामागं डोंगर आणि डोंगरात एक धबधबा.

आता हा धबधबा माझ्या संसारात कसा घुसला बघा. मी यमुनेला भरलेला तलाव दाखवायला नेलं, तर म्हणाली, छान आहे, पण आमच्या धबधब्याचं पाणी उकळत्या दुधासारखं दिसतं, सोमा तर वरच्या कड्यावरून वाकून पाहतो. मी बाजारातून जिलेबी आणली, तर म्हणाली, गोड आहे, पण सोमा धबधब्याच्या कपारीतून मध काढतो, त्याची चवच वेगळी. मी सायकल चालवतो म्हटलं, तर सोमा पावसाळ्यात शेवाळल्या दगडावरून अनवाणी चढतो!

हा सोमा कोण, ते मी विचारलं नाही. कसं विचारणार? नवरा आहे मी. लग्नात तो नव्हता, बांबूतोडीला दूर गेला होता एवढंच तिच्या बोलण्यात आलं होतं, आणि ते सांगतानाही तिचा चेहरा उतरला होता. तिनं एकदा तरी 'सोमाभाऊ' म्हटलं असतं तर माझा जीव थंड झाला असता. पण नाही. नुसता सोमा.

मी आतून इतका जळत होतो की एका रविवारी शाळेमागच्या चिंचेवर चढायचा सराव करायला गेलो. अर्ध्यावर अडकलो. हेडमास्तर खालून म्हणाले, काय करून राह्यले मास्तर? मी म्हटलं, चिंचा मोजतोय.

दिवाळीला यमुना पुढं माहेरी गेली. आईला ताप होता म्हणून मी पाडवा चुकवून मागून निघालो. मोटारीत बसल्या बसल्या एक बेत शिजवला. सासऱ्यांच्या घरी जायच्या आधी गुपचूप धबधबा बघून यायचा, वाट पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी यमुनेला आपणच तिथं न्यायचं. सोमाशिवाय.

मोटारीनं जंगलनाक्यावर उतरवलं. तिथं सागाखाली माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. काळासावळा, अंगानं वेतासारखा, आणि हसला की दात लख्ख. उठून त्यानं विचारलं, सावलीचे मास्तर येणार होते, गाडीत होते का?

सासऱ्यांनी मला घ्यायला माणूस धाडला, हे मी ओळखलं. हो म्हणालो असतो तर तो मला थेट घरी नेऊन पाटावर बसवणार, आणि बेत गेला. अंगात कोट होता, हातात छत्री होती. मी म्हणालो, "मास्तरबिस्तर माहीत नाही. मी जंगल खात्याचा. धबधबा पाहायचा आहे."

बिचाऱ्यानं हात जोडले. मास्तर आता उद्याच्या गाडीनं येतील म्हणाला आणि माझी पिशवी उचलून चालू लागला.

वाट बांबूच्या बेटांतून जात होती. तो पुढं हरणासारखा, मी मागं नव्या बुटांत करकरत. दोनदा नाला ओलांडला, दोन्ही वेळा त्यानं मला दंडाला धरलं. मग पाण्याचा आवाज आला, आधी लांबून वाऱ्यासारखा, मग छातीत वाजायला लागला. वळण घेतलं आणि समोर तो धबधबा. तीन टप्प्यांत उतरत होता, आणि खरं सांगतो, उकळत्या दुधासारखाच दिसत होता. दोन मिनिटं मी सगळं विसरलो.

मग नजर वरच्या कड्याकडे गेली आणि सोमा आठवला.

मी सहज आवाजात विचारलं, "इकडे कोणी सोमा आहे म्हणे?"

तो थांबला. "हाय एक. काऊन साहेब?"

इथं गप्प बसायला काय झालं होतं? पण आत जळणारा माणूस गप्प बसतो होय! मी म्हणालो, "त्याची तक्रार आली आहे. राखीव जंगलातून मध काढतो."

"मंग काय करान त्याचं?"

"चांद्याला न्यावं लागेल. कोर्टात."

त्यानं पिशवी माझ्या हातात दिली, ही वाट सरळ गावात जाते म्हणून सांगितलं आणि बांबूत शिरला. मी मात्र छाती काढून गावात गेलो. सोमाची चांगली जिरवली होती ना!

सासऱ्यांच्या अंगणात पोचलो तर यमुना ओवाळणीचं ताट घेऊन दारातच उभी. मी हसलो. तिनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"सोमा कुठी हाय?"

"कोण सोमा?"

"तुम्हाले घ्यायले नाक्यावर गेला नं. आज भाऊबीज हाय. त्याले ओवाळल्याबिगर मी जेवत नाई."

माझ्या हातातली छत्री पडली. यमुनेला सख्खा भाऊ नव्हता, आणि सहा वर्षांची असल्यापासून ती सोमालाच भाऊ मानून ओवाळत आली होती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आत सासूबाई सांगत होत्या की जावयाला खोकला असतो असं यमुना बोलली, म्हणून सोमानं परवाच मुद्दाम मधाचं मडकं आणून ठेवलंय.

एवढ्यात शेजारचा एक म्हातारा धापा टाकत आला. सोमा डोंगरात पळाला म्हणाला, त्याला धरायला जंगल खात्याचा साहेब आलाय. यमुना रडायला लागली. सासऱ्यांनी डोक्याला पटका गुंडाळला आणि म्हणाले, साहेब कुठी उतरला सांगा, मी त्याचे पाय धरतो.

आता ते कुणाचे पाय धरणार होते, ते मला एकट्यालाच माहीत होतं.

"मामाजी," मी म्हणालो, "साहेब मीच."

यमुनेनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "मले विचारलं असतं तं सांगितलं असतं नं, सोमा कोन हाय."

मी तसाच डोंगराकडे पळालो, सासरे मागून. धबधब्याच्या कडेनं हाका मारत चढलो. शेवाळलेला दगड आणि माझे नवे बूट यांचं काही जमलं नाही. पाय मुरगळून मी एका खड्ड्यात बसलो आणि पाण्याच्या आवाजावर ओरडलो, सोमा, मी मास्तर आहे, साहेब खोटा आहे!

"आयकलं," मागून आवाज आला. दहा पावलांवर बांबूत तो उभा होता. सगळा वेळ मला पाहत होता. जवळ आला, माझा पाय दाबून पाहिला आणि विचारलं, "मंग मले चांद्याले काऊन नेत होते?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "तू धबधब्यावर फार चांगला चढतोस, असं यमुना रोज सांगते."

त्यानं बराच विचार केला. "म्हणून चांद्याले?"

मी मान हलवली. तो हसला नाही, रागावलाही नाही. वाकून मला पाठीवर घेतलं आणि ज्या दगडांवर मी दोन पायांनी उभा राहू शकलो नव्हतो, त्यांवरून मला घेऊन उतरला.

वाटेत सासरे भेटले आणि दिवे लागायच्या वेळी आम्ही गावात शिरलो. सगळं गाव दारात. यमुनेला सोमा दिसला आणि तिचा धीरच सुटला. ताट घेऊन धावत आली, त्याला कुंकू लावलं, त्याच्या पाठीवरून डोकावणाऱ्या माझ्या कपाळालाही त्याच हातानं लावलं आणि भराभरा ओवाळायला लागली.

सासूबाई आतून ओरडल्या, "अवो, जावयाले आधी खाली उतरू दे! भाऊबीज हाय!"

पण ताट तीनदा फिरून झालं होतं.

तेव्हापासून सासुरवाडीत मला जावई कुणी म्हणत नाही. वेशीवर दिसलो की पोरंसोरंसुद्धा आत ओरडत जातात, यमुनाबाईचा दुसरा भाऊ आला! मी ते हसून घेतो. जळतं ते एवढ्यासाठीच, की तिथंही पहिला नंबर सोमाचाच.