उपाशी रांग

"मॅडम, माझा कंट्रोल सुधारलाय," निखिल म्हणाला. रडायचाच काय तो बाकी होता.

निखिल आमचा एम.एस्सी.चा विद्यार्थी, साताऱ्याकडचा. मी रायगडच्या किनाऱ्यावर एका उद्यानविद्या कॉलेजात शिकवते. उद्यानविद्या म्हणजे बागायतीचं शास्त्र. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांची मेंटॉरही मीच. मिठागरात राबणाऱ्या आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

निखिलचा प्रयोग सुपारीच्या रोपांवर होता. काही रांगांना एक खत, काहींना दुसरं आणि शेवटच्या रांगेला नुसतं पाणी. या नुसत्या पाण्यावरच्या रोपांना कंट्रोल म्हणतात. ती खुरटली तरच बाकीच्यांना खताने किती फायदा झाला ते कळतं. म्हणजे त्यांचं कामच खुरटण्याचं. पण निखिलची उपाशी रांगच सगळ्यांत हिरवीगार झाली होती.

आमचे विभागप्रमुख, एचओडी सर म्हणाले, "तूच पाट्या बदलल्या असशील."

"आईशप्पथ नाही, सर!"

मी त्याला घेऊन रोपांच्या हिरव्या जाळीखाली, शेडनेटमध्ये गेले. तिथे हॉस्टेलच्या मेसमधली दोन मांजरं माती उकरत बसली होती. तीही फक्त शेवटच्या रांगेतली. मांजराला सुपारीत काय रस? मी चिमूटभर माती नाकाशी नेली. मग निखिलच्या.

"मॅडम, काहीतरी मेलंय इथे!"

"मेलंय खरं. मासळीचं खत आहे हे."

आमच्याकडच्या वाड्यांत माडा-पोफळींच्या बुडाशी सुकी, खराब झालेली मासळी पुरतात. साताऱ्याच्या पोराला ते कुठून कळणार!

नर्सरीचे माळी मधुकाका लगेच म्हणाले, "मी न्हाय हां मॅडम. पयल्या वर्षाची ती मानसी येते सकाळची. रोपांशी बोलत बसते. मला वाटलं, तुम्हीच पाठवलीव."

मानसी दिवेआगरची. वर्गात शेवटच्या बाकावर असायची, तोंडातून शब्द नाही. मी केबिनमध्ये बोलावलं, तर बाई बॅग भरूनच आल्या.

"मीच घातलं, मॅडम. त्यांना कोण काय देतच नव्हतं."

"मग विचारायचं नाही कुणाला?"

"इंग्रजीत कसं विचारायचं ते मनात जुळवते, तोवर तास संपतो."

"आणि खत आणलंस कुठून?"

"घरून. एसटीने. कंडक्टरने मागच्या सीटवर बसवलं. बोलला, परत आणलंस तर मासळीचं वेगळं तिकीट फाडेन."

मी हसू कसंबसं दाबलं. ती मात्र हसत नव्हती.

"वादळात आमची वाडी आडवी झाली, मॅडम. नंतरची रोपं मी आणि बाबांनी जगवली. पिवळं रोप दिसलं की रिकाम्या हाताने पुढे जायचं नाय, असं हाय आमच्यात. इथे मला दुसरं कायच येत नाय. म्हटलं, एवढं तरी करू. आता जाते घरी."

"बस खाली. तुला जा म्हटलंय कुणी?"

सर मात्र नेमकं तेच म्हणाले. "पालकांना बोलवा, हॉस्टेल रिकामं करू दे. पोराचं सेमिस्टर वाया घालवलंन तिने."

"सर, कंट्रोलचा धडा पुढच्या वर्षांत येतो. तिला हे कुणी सांगितलं होतं?"

"पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं. तरतात ते तरतात, बाकीचे जातात."

"म्हणजे पहिल्या वर्षाला आपण नुसतं पाणी घालून बघतोय. वर्गच्या वर्ग कंट्रोल!"

सरांनी चष्मा काढला. "तुम्ही फार बोलता."

"घरच्यांनी शिकायला पाठवलं ते त्यासाठीच, सर."

त्याच लॉटची रोपं नर्सरीत शिल्लक होती. प्रयोग नव्याने लावायचा आणि मोजमापाला मानसीने निखिलच्या हाताखाली राहायचं, असं मी सुचवलं.

"आणि तिने परत खत घातलं तर?"

"तर तिच्या पालकांबरोबर मलाही बोलवा."

निखिल सुरुवातीला तिच्याशी धड बोलेना. त्याचं बरोबरच होतं. पण रोज सोबत पट्टी धरायची तर गप्प किती राहणार? तो तिला मराठीत समजावायचा आणि उंची, पानं, रंग सगळं इंग्रजीत बोलून दाखवायला लावायचा. ती चुकायची, तो टोकायचा. एकदा त्याने कोंब पिशवीत जास्त खोल लावला, तेव्हा तिनेही टोकलंच.

मी पहिल्या वर्षासाठी आठवड्यातून एक तास ठेवला. भाषा कुठलीही, प्रश्न कसलाही. पहिल्या तासाला सगळे वहीत डोकं घालून बसले. मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, क्रेडिट-क्रेडिट म्हणतात ते काय असतं?"

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळले, तर मागे सगळ्यांचीच पेनं निघाली. माहीत कुणालाच नव्हतं!

खरी परीक्षा पुढे होती. नवी उपाशी रांग पिवळी पडायला लागली. मी गेले तेव्हा मानसी हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती.

"मॅडम, बघवत नाय."

"मग बघू नकोस. मोज."

तिने डोळे पुसले आणि पट्टी लावली. तेव्हाच मला कळलं, ही टिकणार.

निखिलचा प्रबंध एक सेमिस्टर उशिरा गेला, पण पास झाला. मानसीचं पहिलं वर्ष निघालं. एक विषय राहिला होता, तोही पुढे सुटला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. मासळी खाल्लेली ती जुनी रोपं आम्ही गेटपाशी लावली. सर पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवतात. खताचं मात्र सांगत नाहीत.

शेडनेटमध्ये मानसीने स्वतः रंगवलेली एक पाटी आहे: 'ही रोपं आजारी नाहीत. मुद्दाम उपाशी ठेवली आहेत. दया करू नये.'

नवी बॅच आली की मी आधी तिथेच नेते. पाटी मोठ्याने वाचायला लावते आणि सांगते, या कॉलेजात उपाशी राहायचं ते फक्त या रांगेने. तुम्ही मागायचं.