"हें हांव सांगतां" म्हणणारा माणूस

बोलून झालं की उजवा तळवा छातीवर टेकवायचा आणि म्हणायचा, "हें हांव सांगतां." मी सांगतोय म्हणजे विषय संपला. गोव्यात हरमलला तुम्ही कधी उतरला असाल, तर खांद्यावर केबलचं वेटोळं अडकवून स्कूटरवरून हिंडणारा हा किरकोळ माणूस तुम्हीही पाहिला असेल.

नेट मोजून मिळायचं तेव्हाची गोष्ट. तो एका इंटरनेट कंपनीचा पेडण्यातला एजंट. माझ्या नवऱ्याचा मित्र, म्हणून मी त्याची वयनी. नवरा गेल्यावर मी घरामागच्या चार खोल्या पर्यटकांना देऊ लागले, आणि पर्यटकांना आंघोळीच्या पाण्याआधी वायफाय लागतं.

जीबी म्हणजे काय ते मला कुठलं कळायला! तो पडवीत बसला आणि जीबीचे नारळ करून म्हणाला, "वयनी, म्हयन्याक तुमचे पन्नास नारळ. एक पिक्चर पळयलो, एक नारळ फुटलो. मेल धाडली जाल्यार खोबऱ्याची कातली सुद्धां लागची ना."

"आनी नारळ सोंपले जाल्यार?"

"नेट सवकास चलतलें. वयर एक पयसो पडचो ना. हें हांव सांगतां."

फॉर्मवरची बारीक अक्षरं कोण वाचतो? मी सही ठोकली. पार हळर्ण गावापर्यंत सगळ्यांनी अशीच ठोकली होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायका एकमेकींना विचारायच्या, "तुजे कितले उरले गे?" नारळ विकणारी बिचारी गोंधळून जायची.

मग एका सीझनला माझ्याकडचा एक पाहुणा आठवडाभर झोपाळ्यात पडून पिक्चर बघत राहिला. मी म्हटलं, बघू दे मेल्याला, फार तर नेट हळू होईल. मग बिल आलं. त्या पाहुण्याचं सगळं भाडं गेलं तरी पुरलं नसतं. कंपनीने मधेच नियम बदलला होता. मर्यादेपुढे जादा पैसे! आणि हे एजंटालासुद्धा कळवलं नव्हतं.

तो आला तसं माझं तोंड सुटलं. माझं तोंड वाईटच आहे. "कंपनीक हांगा कोण वळखता मरे? तुज्या तोंडाक पळोवन सही केली हांवें!"

हेल्मेट हातात धरून तो उभाच राहिला. "व्हय वयनी. हांवेंच सांगिल्लें."

चहाही न घेता गेला. मीही थांब म्हटलं नाही.

पुढे तो काय करत होता ते मला इतरांकडून कळलं. ज्यांची बिलं यायची होती त्यांच्याही घरी जाऊन तो आपण होऊन सांगत होता, "माजें सांगणें फट थारलें." खोटं ठरलं म्हणून! कंपनीच्या साहेबाने त्याला झापलं, गिऱ्हाइकं तोडतोस काय? ती तुटलीच. ज्याला नको त्याची केबल तो स्वतः खांबावर चढून उतरवून देत होता. मग घरोघरच्या तक्रारी मराठीत लिहून घेऊन तो दर शुक्रवारी कंपनीच्या म्हापशाच्या ऑफिसातल्या बाकावर जाऊन बसायचा. पाचव्या शुक्रवारी कंपनीने जादा आकार मागे घेतला. एजन्सी मात्र त्याच्याकडून काढून घेतली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो फाटकातून आत येईना. आणि तळवा छातीकडे जाणं बंद झालं ते कायमचं. साधा पाऊस येईल का विचारलं तरी म्हणायचा, "कोणाक खबर!"

दोनेक वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा फॉर्म घेऊन मीच त्याच्या घरी गेले. चष्मा लावून त्याने ओळ न् ओळ मोठ्याने वाचली. तासभर. शेवटी म्हणाला, "कळ्ळें तितलें सांगलें, वयनी. खात्री ना. सही कोणाच्या विश्वासान करतल्यात?"

"तुज्या," मी म्हटलं आणि सही केली.

त्याने चष्मा काढला आणि तोंड फिरवून बराच वेळ पुसत बसला. मग चहासाठी बायकोला हाक मारली, "वयनीक च्या हाड गे."

तो जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा, ज्या कंपनीचा फॉर्म त्याने वाचून दिला होता, तिथल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, दुसरा प्लॅन स्वस्त पडेल. बदलू का?"

"नको ग बाय," मी म्हटलं. "ज्याला विचारून घेतला होता, तो आता नाही."