तुळईवरचा नीहोफ

अल्विन नीहोफने माझ्या नाकी नऊ आणले होते, आणि तेही नेमाने, दर मंगळवारी. एकतीस वर्षं मी आमच्या चर्चच्या कचेरीत जन्म-लग्न-मृत्यूची पुस्तकं सांभाळते आहे. मंगळवारी दहाच्या ठोक्याला दार उघडायचं, शेणाने माखलेले बूट पायपुसणं बरोब्बर चुकवून आत यायचे आणि वरून आवाज यायचा, "टेरबेकबाई, आमच्या मूळपुरुषाचं काही लागलं का हाताला?"

"अहो नीहोफ, किती वेळा सांगू? नीहोफ म्हणजे नवी वाडी. कोणे एके काळी जंगल तोडून नवी वाडी केली, तिथे जो राहिला तो नीहोफ. संपलं आडनाव!"

"पण जंगल तोडलं कोणी?"

झालं. मग अर्धा तास योहान बेर्न्ड. त्यांच्या घराच्या मोठ्या दारावर ओकची तुळई आहे आणि तिच्यावर कोरलंय, 'योहान बेर्न्ड नीहोफ आणि आन्ना गेरट्रूड, पतिपत्नी, सन १७८४'. आमच्याकडे प्रत्येक जुन्या घरावर असं काहीतरी असतं, कोणी मान वर करून बघत नाही. हा मात्र येता-जाता टोपी काढायचा. तुळईला!

तसा माणूस वाईट नाही. वाळलेल्या मांसाचा तुकडा आणि काळा पाव खिशात घेऊन चौऱ्याहत्तराव्या वर्षीही कुंपणं दुरुस्त करत हिंडतो. त्याची बायको गेली तेव्हा मुलगी, हेडविग, पंधरा वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गाईंच्या धारा तिनेच काढल्या, आणि गेली सव्वीस वर्षं तीच काढते आहे. तिने दूधगाडीवरच्या क्लेमेन्स वोल्टरशी लग्न केलं आणि कागदोपत्री हेडविग वोल्टर झाली. तेवढ्यावरून बापाने ठरवलं की वाडी तिला द्यायची नाही. वाडी जाणार पुतण्याला, फोल्करला. तो डॉर्टमुंडला विम्याच्या कचेरीत असतो, आणि गाय शिंकली तरी दोन पावलं मागे सरतो. पण आडनाव नीहोफ!

"अडीचशे वर्षांचं रक्त आहे, बाई. ते वोल्टरच्या घशात घालू?"

त्या मंगळवारी त्याला कागद हवा होता. गुरुवारी वकिलाकडे फोल्करच्या नावाने सही व्हायची होती आणि त्याआधी योहान बेर्न्डपासून स्वतःपर्यंतची वंशावळ चौकटीत घालून पुतण्याला द्यायची होती. मी कंटाळून सतराशे ऐंशीच्या सुमाराचं लग्नांचं पुस्तक काढलं. नोंद सापडली आणि मी ती दोनदा वाचली. तेवढ्यात हेडविग त्याला न्यायला आली, रबरी बुटांतच. ती मात्र पायपुसण्यावर उभी राहिली.

"वाचा की," अल्विन म्हणाला.

वाचलं. "योहान बेर्न्ड ल्यूटकेनहाउस, खोपटात राहणाऱ्या मजुराचा मुलगा, नीहोफच्या वाडीवरचा गडी. याचं लग्न वाडीची मुलगी आन्ना गेरट्रूड हिच्याशी." आणि समासात पाद्रीबुवांच्या हातचे दोन शब्द, "आता नीहोफ."

ल्यूटकेनहाउस म्हणजे लहान घर. अल्विनचा चेहरा तांबडालाल झाला.

"पाद्री प्यायलेला असणार!"

"पुढच्या पानावर असे आणखी तीन जावई आहेत. तिघेही प्यायल्यावर लिहिले का? अहो, तेव्हा रीतच होती. वाडीत जो शिरला त्याला वाडीचं नाव. नाव जमिनीचं, माणसाचं नव्हे. तुमचं रक्त म्हणाल तर एका गड्याचं आणि एका मुलीचं. वाडी धरून ठेवली ती मुलीने."

"तुळईवर स्पष्ट लिहिलंय—"

"बाबा," हेडविग म्हणाली. एरवी ती बापाशी वाद घालत नाही. "तुळईवर दोन नावं आहेत. दुसरं तुम्ही कधी वाचलंत?"

अल्विन पुस्तकातली ती ओळ बोटाने शोधू लागला.

"सव्वीस वर्षं त्या तुळईखालून मी चारा ओढते आहे. मला वाईट वाटतं, बाबा. खूप वाईट वाटतं. फोल्करला एकदा विचारा, आपल्या गाई किती. सांगता आलं तर मी उद्या सामान बांधते."

अल्विनने टोपी घातली आणि निघून गेला. जाताना पायपुसण्यावरून गेला, तेही पाय न पुसता. मी कपाळावर हात मारून घेतला. या माणसापुढे पुरावा ठेवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गुरुवारी वकिलाकडे काय झालं ते विचारायचीही माझी छाती झाली नाही.

आमच्याकडे अजून एक रीत टिकून आहे. कागदावर काही का असेना, जो वाडी चालवतो त्यालाच गाव वाडीच्या नावाने हाक मारतं. अल्विनच्या बापाने वाडी त्याच्या हवाली केली त्या दिवसापासून बाप नुसता म्हातारा थेओडोर झाला होता. ते अल्विनने चाळीस वर्षांपूर्वी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या मंगळवारी दहाला दार उघडलं. बूट आले. शेण होतंच.

"या, नीहोफ," मी वैतागून म्हटलं, "आता कोणाला दारुड्या ठरवायला आलात?"

तो खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"नीहोफ गोठ्यात आहे," तो म्हणाला. "काम असेल तर तिच्याकडे जा. मी अल्विन."

मी उठून त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने कप बाजूला सारला.

"बरं, टेरबेकबाई, ते ल्यूटकेनहाउस मूळचे कुठले? काढा पुस्तक."