दादाच्या जागी कोण?

आमच्या दादाला दोन गोष्टी सुटत नव्हत्या, हेका आणि बंब. हेका जन्माचाच आहे, तो जाऊ दे. पण अडुसष्टाव्या वर्षी, हृदयाचा झटका येऊन गेलेल्या माणसानं अग्निशमन केंद्राची पाण्यानं भरलेली गाडी हाकायची म्हणजे काय चेष्टा आहे? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुढचा झटका सीटवरच येईल." मी धाकटी बहीण. मी तर रोज कानीकपाळी ओरडत होते.

"थांबतो की," दादा म्हणायचा. "माझ्या जागी कोण, ते तेवढं सांग."

चालक नसला तर केंद्राला कुलूप, असा हुकूमच होता. मग सगळ्यात जवळचा बंब साठ किलोमीटरवर! दोन वर्षं जाहिरात लागत होती, पण अर्ज येतील कुठून? तरुण पोरंच उरली नाहीत. सगळ्या देशाचीच ही गत. कारखान्यांना माणसं मिळेनात, सैन्याच्या भरतीला रांग लागेना, पेन्शन घेणारे वाढले आणि कमावणारे आटले. सरकारनं काय केलं, तर बाळ झालं की भत्ता जाहीर केला. वा रे शहाणे! आज जन्मलेल्या बाळाला बंब चालवायला वीस वर्षं लागणार. तोवर दादानं श्वास रोखून बसायचं का?

शेवटी भरतीची वयाची अट तिशीवरून पन्नाशीवर नेली आणि अर्ज आला. एकच. बसताईचा. चौदा वर्षं ती शाळेची बस चालवायची, हे नावही पोरांनीच ठेवलेलं. साठ पोरांची नऊ झाली, शाळा बंद पडली आणि ताई घरी बसली.

दादानं नाक मुरडलं. "गाणी म्हणत पोरं फिरवणं वेगळं, बंब वेगळा."

"मग मर त्या सीटवर!" मी बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं तिची चाचणी ठेवली.

दुपारी डबा घेऊन केंद्रावर गेले, तर बंब अंगणात उभा. स्टिअरिंगवर बसताई, चेहरा उतरलेला. शेजारच्या सीटवर दादा, मान छातीवर पडलेली. मी धावत जाऊन दार उघडलं.

"हळू!" ती कुजबुजली. "झोपलेत."

दादा चक्क घोरत होता.

"घाट उतरतानाच डोळा लागला त्यांचा. येऊन अर्धा तास झाला, उठवू कसं?" तिचा आवाज रडवेला झाला. "मावशी, मी नापास का हो? त्यांनी काही बघितलंच नाही."

अगं वेडे! दोन वर्षं हा माणूस भोंग्याकडे कान लावून पडायचा, त्याला काय झोप म्हणतात? पोटचा मुलगा गाडी चालवत असला तरी याचा पाय ब्रेक शोधायचा. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत दादा झोपलेला मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

आमच्या बोलण्यानं तो जागा झाला, ओशाळला. चाचणीचा कागद मागितला आणि गुडघ्यावर ठेवून सही ठोकली. खाली उतरून सवयीनं किल्लीसाठी खिसा चाचपला. किल्ली गाडीला होती, बसताईच्या हाताशी.

"असू दे तिथंच," तो म्हणाला आणि माझ्याबरोबर पायी घरी निघाला.

वाटेत मी भर रस्त्यात हुंदके देत होते.

"आता कशाला रडतेस?"

"गप रे," मी म्हटलं, "रडू दे मला."