काचेपलीकडचा पाय

“ग्रँड राहू दे, पायांचं सांगा,” असं त्या फोनवर म्हणायच्या. आयर्लंडमध्ये राहिला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल, तब्येत कशीही असली तरी माणूस ‘ग्रँड’च म्हणतो, म्हणजे एकदम मजेत. मधुमेहाच्या आमच्या या नर्सबाईंचा त्या शब्दावर अजिबात विश्वास नव्हता.

मी नागपूरहून इथल्या ट्रली गावच्या हॉस्पिटलात आलेला डॉक्टर. त्या साठीकडे झुकलेल्या, इथल्याच. आठवड्यातले चार दिवस गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत पेशंट बघायच्या, एक दिवस आमच्याकडे. आम्ही इन्सुलिन बदललं आणि गावातल्या डॉक्टरला कळलंच नाही, असं त्यांच्या पेशंटच्या बाबतीत होत नसे.

२०२० मध्ये ओपीडी बंद झाली आणि त्यांना कोविड वॉर्डात पाठवलं. ड्यूटी संपली की त्या रिकाम्या ओपीडीत बसून आपल्या पेशंटना फोन लावायच्या. एका आजींना त्यांनी फोनवरूनच इन्सुलिन टोचायला शिकवलं. आजी घाबरल्या, तेव्हा बराच वेळ नर्सबाई फक्त त्यांच्या कोंबड्यांची चौकशी करत राहिल्या. शेजारी बसलेल्या मला वाटलं, वेळ फुकट चाललाय. तेवढ्यात आजींनी सुई टोचूनही घेतली होती.

समुद्राकडच्या एका गावात एकटा राहणारा रिटायर्ड पोस्टमन त्यांचा जुना पेशंट. एक दिवस मी शेजारी असताना तो फोनच्या स्पीकरवर म्हणाला, पायांची जळजळ पार थांबली. मला बरं वाटलं. त्यांचा चेहरा मात्र उतरला. इतकी वर्षं जळजळीने हैराण झालेल्या माणसाला आता काहीच जाणवत नाही, याचीच त्यांना भीती वाटली. गाडीची किल्ली घेऊन त्या निघाल्या.

कोविडच्या नियमांमुळे घरात जायची सोय नव्हती. त्यांनी बाहेरूनच त्याला मोजा काढायला लावला आणि तळवा खिडकीच्या काचेला टेकवायला सांगितला. तळव्याला खोल जखम होती, भोवती काळं पडत चाललेलं. त्याला पत्ताच नव्हता.

त्यांनी तिथूनच मला फोन केला. मी म्हणालो, आज बेड नाही, उद्या बघू.

“डॉक्टर, हा पाय उद्यापर्यंत थांबणार नाही,” त्या म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता.

मी बेड शोधला. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. दोन बोटं गेली, पाय वाचला. मी मात्र कितीतरी दिवस त्यांच्या फोन ऐकण्याचाच विचार करत होतो. ‘जळजळ थांबली’ हे वाक्य मीही ऐकलं होतं.

पुढच्या वर्षी त्या कायमसाठी गावोगावच्या दवाखान्यांकडे गेल्या. आमच्या ओपीडीतली त्यांची खोली दुसऱ्या कुणाला मिळाली. जाण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर त्या गावांना गेलो होतो. परतताना त्यांनी अचानक गाडी हळू केली. समोर पोस्टमन दुकानातून घरी चालला होता, हातात दुधाचा कॅन. त्यांनी हॉर्न दिला नाही, हाक मारली नाही. तो पाऊल कसं टाकतो, तेवढंच बघत राहिल्या. तो वळणाआड गेल्यावर त्यांनी गिअर टाकला.