खडूची गाडी

जिनेवाला फक्त लाकडी जिने करतो. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, कपाटं तर नाहीच नाही. कुणी पलंग करून मागितला, तर एखाद्या गवयाला जरा हॉर्न वाजवून दाखव म्हटल्यावर तो जसा बघेल, तसा हा बघतो. चढणाऱ्याला आपण चढतोय हे कळताच कामा नये, असं त्याचं जिन्याबद्दलचं मत. त्यामुळे त्याची कुठलीही पायरी साडेसहा इंचांच्या वर जात नाही. दुसऱ्याच्या घरी गेला की चहा येण्याआधी तो जिना बघून येतो, आणि मग चहा कसा झालाय हे जिन्यावर ठरतं.

त्याची काम करायची रीतही त्याचीच. फळीला करवत लावण्याआधी तो अख्खा जिना कारखान्याच्या फरशीवर खडूने काढतो. लहान करून नाही, जेवढ्यास तेवढा. जिना बाजूने कसा दिसेल तसा, जमिनीवर आडवा पाडलेला. मग हात मागे बांधून तासभर त्याच्याभोवती फिरतो. "कागदावर काय, माणूस ढगातसुद्धा चढतो," म्हणतो.

जिने पोचवायला त्याच्याकडे एक छोटी व्हॅन आहे. तिच्यात पुढे दोनच माणसं बसतात, आणि जिन्याच्या लांब फळ्या मागच्या दारातून शिरून पुढच्या काचेपर्यंत येतात. म्हणजे अठरा वर्षं तो आणि बायको मध्ये फळी घेऊन प्रवास करतायत. संसार सुखाचा का झाला असं कुणी विचारलं, तर बायको त्या फळीकडे बोट दाखवते.

अडचण होती ती त्याच्या आईची, व्हॅनमध्ये तिला जागाच नव्हती. तिचे गुडघे वाकायचं विसरले होते. साध्या मोटारीत ती बसायची, पण उतरताना विहिरीतून बादली काढावी तशी तिला वर ओढावी लागायची. बसच्या पायऱ्या तर जिनेवाल्याच्या मते माणसांसाठी केलेल्याच नसतात. चार वर्षांत ती गल्लीच्या टोकापलीकडे गेली नव्हती. तिची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, डोंगराच्या पलीकडे सहा तासांवर राहायची. रोज सकाळी दोघींचा फोन. अलीकडे मावशीची नजर अधू होत चालली होती आणि डॉक्टरांनी आता ती सुधारायची नाही असं सांगितलं होतं.

"दिसतेस तोवर ये बाई," मावशी म्हणायची. "नंतर येऊन काय उपयोग? आवाज तर रोज ऐकतेच."

"येते की," आई म्हणायची, आणि फोन ठेवून बराच वेळ गुडघे चोळत बसायची.

अशात मोठ्या पिकअप ट्रकचा कॅटलॉग घरात आला. चाळीस गुळगुळीत पानं. जिनेवाला तो जेवताना वाचायचा, आणि भाजी संपली तरी घास बुडवायचा. चारही चाकांना जोर. मागच्या हौद्यात दिवे, प्लग, सामान बांधायच्या कड्या. बटण दाबलं की आपोआप खाली येणारा मागचा फाळका. वरून पक्ष्याने बघावं तशी अख्खी गाडी दाखवणारे कॅमेरे. छताला काच. पुढे-मागे तापणाऱ्या आणि गार होणाऱ्या सीटा. त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर हलायला लागले. आपण घाट चढतोय, ढग बाजूच्या सीटवर येऊन बसलाय, आणि मागे आई पाय लांब करून बसलीय.

"बुडाखाली शेगडी?" आईने चित्र बघून विचारलं.

"कमी-जास्त करता येते गं."

"मग चालेल. माझ्याकडे मंद ठेव."

निवड खरी एकच होती. लांब हौदा घ्यायचा तर पुढे एकच रांग. दोन रांगांची डबल केबिन घ्यायची तर हौदा आखूड. धंदा म्हणत होता लांब हौदा. जिनेवाल्याने धंद्याकडे पाठ फिरवली आणि डबल केबिनच्या मापांचं पान उघडून कारखान्यात गेला.

तासाभरात फरशीवर एकोणीस फुटी गाडी उभी राहिली. म्हणजे आडवी पडली. जिना तो बाजूने काढायचा, पण गाडी त्याने वरून काढली, कारण तिच्यात बसायचं होतं. चाकं, दारं, आरसे, सगळं मापात. सीटांच्या जागी घरातल्या खुर्च्या आल्या. आई काठी टेकत मागच्या दाराच्या रेघेवरून आत गेली आणि उशी लावलेल्या खुर्चीत बसली.

"ऐसपैस आहे हो," ती सुनेला म्हणाली.

मग आठ दिवस रोज संध्याकाळी काम संपलं की तिघं गाडीत बसायची. उंच खिडकीतून ऊन तिरकं यायचं, लाकडाचा भुसा त्यात सोन्यासारखा तरंगायचा, आणि खरोखरच वाटायचं की बाहेरचं सगळं मागे मागे जातंय. जिनेवाला समोर बघत वळणं घ्यायचा. बायको पुढच्या खुर्चीत डुलक्या काढायची.

"हा पूल आला," आई म्हणायची. "लग्नानंतर याच पुलावरून आले मी. हळू घे, पाणी बघू दे."

तो हळू घ्यायचा. कारखान्यात नदीचा वास यायचा, तो बहुधा पॉलिशचा असेल.

"अहो, डोंगर उतरलात की उठवा मला," बायको डोळे न उघडता सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फोनवर बहिणीला सांगायची, "काल घाटापर्यंत आले होते गं. अंधार पडला म्हणून परत फिरलो." मावशीही खमकी. "मग उद्या जरा लवकर निघा," म्हणायची.

शनिवारी शोरूमचा सेल्समन फॉर्म घेऊन येणार होता. येताना दाखवायची गाडीच घेऊन आला. ती गल्लीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंची घरं थोडी आक्रसल्यासारखी वाटली. आई धुतलेली साडी नेसून, पर्स काखेत मारून तयारच होती. सेल्समनने मागचं दार उघडलं.

गाडीची आतली जमीन आईच्या कमरेपाशी आली.

मग दाराखालून घरघर आवाज करत एक काळी पट्टी बाहेर आली.

"मोटरवर चालते, काका," सेल्समन म्हणाला. "दार उघडलं की पायरी आपोआप येते."

जिनेवाल्याने खिशातून टेप काढून लावली. जमिनीपासून पट्टी सोळा इंच. पट्टीपासून आत पंधरा.

"येते, ते दिसलं," तो म्हणाला. "पण येते कुणासाठी? उंटासाठी?"

आईने पट्टीवर पाय ठेवून बघितला. म्हणजे ठेवायला उचलला. तो अर्ध्यात थांबला आणि गुमान खाली आला. तिने पर्स दुसऱ्या काखेत घेतली.

"राहू दे रे," ती म्हणाली. "आठ दिवस हिंडले की मी. पुष्कळ झालं." आणि काठी टेकत आत गेली.

जिनेवाला कारखान्यात जाऊन खडूच्या गाडीत, आपल्या खुर्चीत बसला. एकोणीस फूट लांबी बरोबर होती. रुंदी बरोबर होती. अर्ध्या इंचाची चूक नव्हती. फक्त उंची नव्हती. जन्मभर माणसांना उंचीवर नेण्याचं काम केलेल्या माणसाने आईला जमिनीवर बसवून डोंगर दाखवला होता.

बायको येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. आज ती पेंगत नव्हती.

"गाडी नको घ्यायला," तो म्हणाला. "उंचच आहे ती."

"आणि लोकांचे माळे काय बुटके असतात?" ती म्हणाली. "त्यांना नाही हो असं सांगून आलात कधी."

तो खुर्चीतून उठला. मग बाहेर जाऊन सेल्समनला म्हणाला, "गाडी केव्हापर्यंत ठेवता येईल?"

"सहाला परत न्यायचीय, काका."

"जेवलात का? नाही ना. घरात जा, बायको वाढेल."

त्याने ओल्या फडक्याने खडूची गाडी पुसली. त्याच जागी खडूने गाडीचं दार काढलं, बाजूने, आडवं पाडून. एकतीस इंच भागिले पाच. प्रत्येक चढ सहा इंचांच्या जरासा वर. चार पायऱ्या, पाचवं पाऊल थेट गाडीत. हात धरायला एका बाजूला कठडा. गाडीच्या उंबऱ्यावर अडकवायला दोन लोखंडी आकडे, कापड गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा नको. एवढा छोटा जिना त्याने कधी केला नव्हता, आणि एवढा घाम कुठल्या तीन मजल्यांनी काढला नव्हता. सेल्समन जेवून, पेंगून, उठून दारात आला तेव्हा तो पायऱ्यांच्या कडा घासून गोल करत होता.

"त्या मोटरच्या पायरीवर खूण करू का?" सेल्समनने फॉर्म चाळत विचारलं.

"ती खोडा."

साडेपाचला त्याने जिना दाराला अडकवला आणि आधी स्वतः त्याच्यावर तीनदा नाचला. मग आईला हाक मारली. ती आली ती कुरकुरतच. "माणसाला सुखाने हरूसुद्धा देत नाही हा," म्हणाली. कठड्यावर एक हात, सुनेच्या हातात दुसरा. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर थांबून तिने मागे बघितलं, हे अंतर आपणच आलोय का याची खात्री केली, आणि पुढचं चढून सीटवर बसली. दमली नव्हती. नुसती बसली होती. तिथून तिला शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडचं झाड दिसलं, गल्लीचं टोक दिसलं, टोकापलीकडचा रस्ताही दिसला, आणि ती बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

जिनेवाल्याने फॉर्म घेतला. डबल केबिन. आखूड हौदा. मागच्या सीटांना शेगडी. रंगाचा रकाना तेवढा रिकामा होता.

"गाडी हातात कधी मिळेल?" त्याने विचारलं.

"दीड महिना धरा."

आईने वर बसूनच पर्समधून फोन काढला. "अगं, दीड महिन्याने निघतेय," ती म्हणाली. "नाही, यावेळी खुर्चीत नाही. जिना चढून. तोवर दिसेल ना गं तुला?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग मावशी म्हणाली, "दीड महिना ना? दिसेल. आजपासून टीव्ही बंद ठेवते. नजर उगाच तिथे कशाला खर्चायची?"

"तुला अजून नीट काय दिसतं?"

"रंग दिसतात. राखाडी, तपकिरी सगळं एकच वाटतं. भडक असेल तर लांबूनही कळतं."

जिनेवाल्याला खरं तर धुक्यासारखा राखाडी आवडला होता. कॅटलॉगच्या त्या पानाचा कोपरा त्याने कधीचा दुमडून ठेवला होता.

"लाल लिही," आईने वरून सांगितलं. "चांगला ठसठशीत. वळणावरून दिसला पाहिजे तिला."

त्याने लाल लिहिलं.