किती खाल्ले?

मॅच आटोपली की सगळं जग विचारायचं, "किती गोल केले?" बागिलअण्णा विचारायचे, "किती खाल्ले?" वर्तमानपत्रात निकाल छापून आला, की त्यांचं बोट आधी दुसऱ्या आकड्यावर जायचं. एकदा आम्ही पाच-दोन असे जिंकलो. फॉरवर्डची पोरं एकमेकांच्या खांद्यावर बसून नाचत होती. अण्णांनी आम्हा बॅकवाल्यांना बाजूला बोलावलं. म्हणाले, "पाच घातले ते त्यांचे. दोन खाल्ले ते आपले. चला, दोन फेऱ्या." जिंकलेल्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, आम्ही मैदानाभोवती धावलो. बरोबर अण्णाही धावले.

बागिलु म्हणजे कन्नडमध्ये दार. समोरची टीम चढून आली की अण्णा रेषेबाहेरून ओरडायचे, "बागिलु हाकु!" दार लाव. त्यावरून हे नाव पडलं आणि मूळ नाव मागे राहिलं. कॉलेजात ते असिस्टंट फिजिकल डायरेक्टर होते. मुख्य डायरेक्टर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले कॅप्टनसाहेब. गोल घालणारे कॅप्टनसाहेबांचे आणि अडवणारे अण्णांचे, अशी सरळ वाटणी होती. समारंभात हार कुणाच्या गळ्यात पडायचा, हे वेगळं सांगायला नको.

अण्णांचं घराणं मराठी, पण बेंगळूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. आमचंही तसंच, कॉटनपेटेत आमचं कापडाचं दुकान होतं. त्यामुळे मैदानावर सगळ्यांशी कन्नड किंवा मोडकं इंग्रजी बोलणारे अण्णा माझ्याशी तेवढे मराठी बोलायचे. मराठी कसली, "स्वल्प मागे राहा रे" आणि "सरी, आता पुन्हा कर" अशी आमची घरची कन्नड-मराठी मिसळ. माझे वाभाडे मराठीत निघत आणि बाकीच्यांना कळत नसत, एवढाच मला फायदा.

त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा पार आडवा झाला होता. पन्नास सालच्या सुमारास ते पेठेतल्या एका क्लबाकडून अनवाणी खेळायचे. एका पलटणीच्या टीमशी सामना होता आणि त्यांच्या पायांत बूट होते. गोलच्या तोंडाशी एका जवानानं बूट यांच्या अंगठ्यावर दिला. आम्ही हा किस्सा मुद्दाम काढायचो आणि विचारायचो, "मग पुढे काय झालं, अण्णा?"

"पुढे काय होणार? गोल नाही झाला."

अंगठ्याचं काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

साठ साल उलटून गेल्यावर अण्णांनी एक धाडस केलं. तेव्हा आपल्याकडे मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड, असा खेळ सर्रास चालायचा. परदेशात कुणी चार बॅक घेऊन खेळतात, असं अण्णांनी कुठेतरी वाचलं आणि ते डोक्यात घेतलं. चार बॅक घ्यायचे तर एक हाफ मागे येणार आणि पुढचा एक फॉरवर्ड कमी होणार. कॅप्टनसाहेब म्हणाले, "हे फुटबॉल आहे की वॉचमनची नोकरी?" अण्णा म्हणाले, "वॉचमन झोपला की मालकाला त्याची किंमत कळते, सर."

चार बॅक म्हणजे उजवीकडे कुर्गचा कुशा, मध्ये व्हाइटफील्डचा लेस्ली आणि अलसूरचा सेल्वम, डावीकडे मी. चौघांच्या चार भाषा. एकानं पुढे पाऊल टाकलं की दुसरा मागे राहायचा आणि मधून आगगाडी जाईल एवढी फट पडायची. अण्णांनी त्यावर उपाय काढला. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. घर थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या हातात होतं. अक्कांची दोन जुनी नऊवारी लुगडी त्यांनी एकमेकांना गाठली, पीळ दिला आणि आम्हा चौघांच्या कमरेला बांधली. अठरा वार कापड आणि मध्ये तीन फटी. गाठींत गेलेलं सोडलं तर एका फटीला पाच वार जेमतेम. एक हलला की चौघांना हिसका. पहिल्या दिवशी आम्ही चौघे एकमेकांवर पडलो. महिन्याभरानं लुगडं सोडलं, तरी कमरेला ओढ जाणवायची.

हॉस्टेलच्या गच्चीवरून पोरं ओरडायची, "सीरे टीम! सीरे टीम!" सीरे म्हणजे साडी. ही हाक शहरभर गेली. आम्ही मैदानात उतरलो की समोरच्या कॉलेजची पोरं जुन्या साड्या हलवायची. लेस्ली एकदा चिडून म्हणाला, "अण्णा, आता दोरी आणा. साधी दोरी."

"का? दोरी कापते. लुगडं धरून ठेवतं," अण्णा म्हणाले. "आणि त्यांना हलवू दे. त्यांच्या हातात साडी आहे तोवर टाळी वाजत नाही."

त्या वर्षी आंतरकॉलेज शील्डमध्ये आम्ही फायनलपर्यंत पोचलो, पण कसे? एक-शून्य, एक-शून्य, सेमीफायनल शून्य-शून्य आणि तिच्या रीप्लेमध्ये पुन्हा एक-शून्य. बघायला येणारे जांभया द्यायचे. फायनलला कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष पाहुणे घेऊन येणार होते आणि त्यांना गोल बघायचे होते. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत बैठक झाली. टीमचा कॅप्टन म्हणून लेस्लीला बोलावलं होतं. पुढचं सारं त्याच्याकडून कळलं. कॅप्टनसाहेबांनी सुचवलं की डावा बॅक, म्हणजे मी, काढून पुढे पाचवा फॉरवर्ड म्हणून खेळवावा. माझे पाय जलद होते, हे खरं होतं. अण्णा म्हणाले, "लाइन मोडायची असेल तर आधी मला मोडा." प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "ठीक आहे. फायनलच्या दिवशी तुम्ही मैदानात यायचं नाही."

अण्णा आम्हाला भेटायला आले नाहीत. कुणाकडून निरोपही पाठवला नाही.

फायनलच्या दिवशी मी पुढे उभा राहिलो. समोरच्यांचा सेंटर फॉरवर्ड उंचापुरा होता; लोक त्याला दोड्डा, म्हणजे थोरला, म्हणायचे. सुरुवातीलाच तो माझ्या रिकाम्या जागेतून आत शिरला आणि त्याचा फटका क्रॉसबारवर आदळला. पुन्हा शिरला, तेव्हा सेल्वमनं जिवावर उदार होऊन अडवलं. मी मान वळवून कुंपणाकडे पाहिलं. अण्णा बाहेर उभे होते, सायकलवर, एक पाय दगडावर टेकून. मला वाटलं, ओरडतील. एक "बागिलु हाकु" आलं असतं तर मी पळत गेलो असतो. ते ओरडले नाहीत. आत यायला मनाई, मग आतलं बोलायचं नाही, असा त्यांचा हिशेब. आता काय करायचं ते त्यांनी आमच्यावर सोडलं होतं.

मी मागे गेलो. कुणाला न विचारता, डावीकडे, माझ्या जागी. सेल्वमनं माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त दोन पावलं सरकून मला माझी फट दिली. रेषेवरून कॅप्टनसाहेब ओरडत होते, "अप! गो अप!" माझं नाव घेऊन ओरडत होते. मी गेलो नाही. हाफटाइमला त्यांनी बोट रोखून विचारलं, "ऑर्डर कळत नाही?" माझ्याआधी लेस्ली बोलला, "कळते, सर." उत्तरार्धातही मी जागेवरून हललो नाही.

दोड्डा उजवीकडून आला, डावीकडून आला, मधून आला. नव्वद मिनिटं झाली, जादा वेळही झाला. शून्य-शून्य. अंधारून आलं होतं आणि रीप्लेसाठी मैदान मिळणार नव्हतं. अध्यक्षांच्या पाहुण्यांनी खिशातून रुपया काढला. लेस्लीनं छापा मागितला. काटा पडला. शील्ड त्यांचं झालं.

आम्ही मान खाली घालून फाटकाबाहेर आलो. अण्णा सायकल धरून उभे होते.

"किती खाल्ले?"

"हरलो, अण्णा," लेस्ली म्हणाला. "टॉसवर."

"ते नाही विचारलं. किती खाल्ले?"

"एकही नाही."

"मग माना कुणासाठी खाली घातल्यात? नाणं आत गेलं असेल. बॉल नाही गेला." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पहिली वीस मिनिटं कुठे होतास रे गाढवा?"

तेवढंच. पाठीवरून हात वगैरे काही नाही. मला मात्र त्या दिवशी त्यांच्या तोंडून आणखी काही नको होतं.

मला पुढच्या वर्षी टीममध्ये घेतलं नाही. अण्णांना कॉलेजनं सांगितलं की शिस्तभंगाबद्दल लेखी माफी मागा आणि कामावर या. ते म्हणाले, "माफी कशाची? एकही खाल्ला नाही." आणि देवनहळ्ळीच्या हायस्कुलात ड्रिल मास्तर म्हणून निघून गेले. बरोबर अक्काही गेल्या, आणि लुगडंही.

काही वर्षांनी कॅप्टनसाहेब निवृत्त झाले. तोवर बेंगळुरातल्या बहुतेक टीम चार बॅक घेऊन खेळू लागल्या होत्या आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं. नवे प्रिन्सिपॉल माझ्या दुकानाचे गिऱ्हाईक. ते म्हणाले, "त्यांना परत आणा. माफीचा नुसता एक शब्द पुरे, जुनी फाइल बंद करायला." मी बसनं देवनहळ्ळीला गेलो. तिथल्या किल्ल्याच्या भिंतीपुढे अण्णांनी गोल आखला होता. चुकलेला बॉल भिंतीवर आपटून परत यायचा, शोधायला जावं लागायचं नाही. चार पोरं तेच लुगडं कमरेला बांधून पुढे-मागे सरकत होती. रंग कुठला होता ते आता ओळखू येत नव्हतं. मी निरोप सांगितला. अण्णांनी पोरांवरची नजर न काढता विचारलं, "शब्द मोठा की फाइल मोठी?"

"अण्णा, एका शब्दानं पगार वाढेल, शहरात याल, अक्कांना दवाखाना जवळ पडेल."

"अक्काला विचार जा."

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "माझी दोन लुगडी गेली त्या खेळात. आता हा वाकला तर ती फुकट जातील की नाही?" मला जेवायला घातलं आणि शेवटच्या बसनं परत पाठवलं.

सत्तर साल उजाडायच्या आधी अण्णा काविळीनं गेले. मी, कुशा आणि सेल्वम मिळेल त्या गाडीनं पोचलो. भाच्यानं मडकं धरलं. तिरडीला खांदे चार लागतात आणि आम्ही तिघेच होतो. त्या वर्षांत पुष्कळ अँग्लो-इंडियन घरांनी बाडबिस्तारा आवळला, तसा लेस्ली ऑस्ट्रेलियाला गेला होता. गर्दीत शाळेतली मास्तर मंडळी होती, कुणीही पुढे आलं असतं. तेवढ्यात मागून एक उंच माणूस आला. केस पातळ झाले होते, पण उंचीवरून मी ओळखलं. दोड्डा. येलहंक्याला नोकरीला होता, सकाळी कुणाकडून तरी बातमी कळली होती.

"तुमच्या लाइनीत त्या दिवशी शिरता आलं नाही," तो म्हणाला. "आज जागा द्या."

सेल्वमनं माझ्याकडे पाहिलं, मी कुशाकडे. मग सेल्वम एक पाऊल सरकला.

किल्ल्याच्या दरवाजाशी एका दुकानदारानं दोड्डाला विचारलं, "कोण गेलं?"

"फुटबॉलचे मास्तर. यांच्या पोरांविरुद्ध मी फायनल खेळलोय."

"कोण जिंकलं?"

"शील्ड आमच्याकडे आहे," दोड्डा म्हणाला. खांदा जरा सावरून घेतला आणि म्हणाला, "पण मला एकही घालू दिला नाही."

"बोलू नका," पुढून सेल्वम म्हणाला. "लाइन धरा."

आणि चौघांची पावलं जुळली.